चौथ्या टाकीतली लवंग

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. "सुधाक्का, यंदा काहीतरी चविष्ट द्या हं." त्यांना भाजणीच्या चकलीची कृती हवी होती. मी म्हटलं, "बाई, माझी चकली तेलात सुटते. मला येते ती एकच गोष्ट, बिअर. चालेल?" त्या मग म्हणाल्या, "सरी (म्हणजे बरं), तेच द्या. पण घरात उघडपणे वाचता येईल असं लिहा." तर तसं लिहिते आहे. सूनबाई, सासूबाई, सगळ्यांनी वाचायला हरकत नाही.

मी एकतीस वर्षं बिअरच्या कारखान्यात नोकरी केली. प्रयोगशाळेत. त्यातली शेवटची बारा वर्षं मी तिथली मुख्य चव घेणारी होते. आमचं घराणं बंगळुरात इतक्या पिढ्यांचं जुनं आहे की मूळ गाव कुठलं, यावरून काका मंडळी अजून भांडतात. घरात मराठी, दारात कन्नड, देवघरात संस्कृत, आणि बाटली म्हणाल तर फक्त घाण्याच्या तेलाची. मुलगी बिअरच्या कारखान्यात लागली हे आईला कुणाला सांगवेना. ती शेजारणींना सांगायची, "सुधा बार्लीच्या कारखान्यात आहे." तसं ते खोटंही नव्हतं. आमच्या एका आत्याने ते इतकं मनावर घेतलं की मूतखड्यावर चांगली म्हणून माझ्याकडून पाव किलो बार्ली मागवली, आणि गुण आला म्हणून पुन्हा मागवली.

मी शिकले मायक्रोबायॉलॉजी. डेअरीत जागा नव्हती, इथे होती. मुलाखतीत मी घाबरत विचारलं, "सर, चव घेऊन थुंकलं तर चालतं ना?" वाइनची चव घेणारे थुंकतात, असं कुठेतरी वाचलं होतं. साहेब मंगळूरकडचे, म्हातारे, गालातल्या गालात हसले. म्हणाले, "वाइनवाले थुंकतात. आपल्याला गिळावं लागतं. बिअरचा कडूपणा घशाखाली उतरताना कळतो." झालं! घरी येऊन मी रडकुंडीला आले. आमचे हे बँकेत कारकून. शांतपणे म्हणाले, "औषध समज. स्वल्प स्वल्प घे." आणि दुसऱ्या दिवसापासून या माणसाने सकाळी स्वतः उठून मला फोडणी न दिलेला उपमा करून घातला. एकतीस वर्षं! कारण चव घेणाऱ्याने सकाळी कांदा-लसूण खायचा नाही, फिल्टर कॉफी प्यायची नाही, गजरा माळायचा नाही, अत्तर लावायचं नाही, कापूर-उदबत्तीसमोर बसायचं नाही. बंगळूरच्या बाईला सकाळी कॉफी नाही आणि मोगरा नाही म्हणजे काय, ते इतरांना कळायचं नाही. शुक्रवारची पूजा माझ्या वाटची हेच करायचे.

अकरा वाजता आम्ही सहा जण एका खोलीत बसायचो. खोलीत तांबडा दिवा, म्हणजे रंग दिसू नये. समोर तीन पेले, त्यातले दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कुठला ते सांगायचं. पेल्यावर फक्त आकडा. कुठला माल, कुणी केला, कुठल्या टाकीतला, काही सांगायचं नाही, विचारायचं नाही. नाव कळलं की नाक लाच खातं, असं आमचे साहेब म्हणायचे. हा नियम मी इतका अंगात मुरवला की घरी आमटीची चवसुद्धा डोळे मिटून घ्यायची.

आता बिअर म्हणजे काय, ते एकदा सांगून टाकते. नाचणीचं सत्त्व तुम्ही केलंच असेल. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, दळायची. तेच सातूचं, म्हणजे बार्लीचं केलं की झालं माल्ट. ते कोमट पाण्यात घातलं की गोड होतं. तो गोड काढा गाळायचा, उकळायचा, त्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडसर फुलं घालायची, थंड करायचा आणि यीस्ट सोडायचं. इडलीचं पीठ जसं रात्रीतून फुगतं तसं ते फुगतं. पुढचं सगळं त्या यीस्टच्या मर्जीवर. काही यीस्ट उबेत काम करतं, चार-सहा दिवसांत काम उरकून मोकळं होतं. त्या बिअरला एल म्हणतात. काही थंडीत, तळाशी बसून, आठवडेच्या आठवडे रेंगाळत काम करतं. ती लागर. आमच्या कारखान्यात एकतीस वर्षं एकच लागर व्हायची. पिवळीधमक, स्वच्छ, आरपार दिसणारी. कालची आणि दहा वर्षांपूर्वीची बाटली शेजारी ठेवली तर फरक कळता कामा नये. लोकांना यात काही कर्तबगारी वाटत नाही. पण पाऊस बदलतो, सातू बदलतो, पाणी बदलतं, आणि तरी चव तीच राखायची, हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

लागरमध्ये केळ्याचा वास आला तर समजायचं, टाकी गरम झाली. लवंगेचा वास आला तर खेळच खलास. लवंग म्हणजे बाहेरचं रानटी यीस्ट घुसलं. एका टाकीत शिरलं की पाइपातून पाइपात, सगळ्या कारखान्यात पसरतं. एकदा अशीच एक टाकी माझ्यासमोर आली. पाच जण म्हणाले, उत्तम. मी म्हटलं, लवंग आहे. साहेबांनी परत चव घेतली, म्हणाले नाही. मी हट्टाला पेटले, "सर, आहे म्हणजे आहे. टाकून द्या." मोठी टाकी होती. वरून फोन आले, माझ्यावर डोळे वटारले गेले. शेवटी ती टाकी अडवून ठेवली, चार बाटल्या भरून उबेत ठेवल्या. बारा दिवसांनी उघडल्या तर खोलीभर मसालेभाताचा वास! साहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी मला चक्क नमस्कार केला. त्या दिवसापासून कारखान्यात माझं नाव पडलं लवंगक्का. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडायचं. मी अगदी नाकाने कांदे सोलायला लागले.

निवृत्त झाले तेव्हा वाटलं, आता सकाळी कॉफी, डोक्यात गजरा, मज्जा. दोन महिन्यांत कंटाळले. तेवढ्यात चैत्राचा फोन आला.

चैत्रा आनेकलची, बंगळूरबाहेरच्या छोट्या गावची. वडिलांचं तिथे शिंप्याचं दुकान. कॉलेज संपल्यावर सहा महिने माझ्या प्रयोगशाळेत शिकायला होती. तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं की पोरीला नाक आहे. पुढे ती जर्मनीला गेली, तिथे बव्हेरियातल्या एका खेड्यात, एका म्हाताऱ्याच्या भट्टीवर दीड वर्ष राबली आणि परत आली. आता बेळ्ळंदूरला रिंग रोडवर एक पब निघत होता, आवारातच बिअर करणारा, आणि चैत्रा त्याची ब्रूअर, म्हणजे बिअर करणारी मुख्य. बिअर करणारी बाई, आणि तीही आनेकलची! मला इतका आनंद झाला की मी फोनवरच ओरडले.

"अक्का, आठवड्यातून दोन दिवस या," ती म्हणाली. (आमचं बोलणं कन्नडमध्ये, मी इथे मराठीत लिहिते आहे.) "तुमचं नाक पाहिजे."

"अगं, मला एकच बिअर कळते."

"मला तुमच्या नाकाइतका कुणाचाच भरवसा नाही. याच."

पबचे मालक नागराज. जमिनींच्या व्यवहारातले. स्वतः ताकाखेरीज काही पीत नाहीत, पण लोक काय पितात यावर बारीक लक्ष. त्यांनी चैत्रासमोर सरळ अट ठेवली होती. उद्घाटनाला सहा नळ, परदेशच्या सहा तऱ्हा. सहाही जमल्या तर भट्टी तिची. एक जरी फसली तर परदेशातून गोरा ब्रूअर यायचा, त्याच्याशी बोलणं होऊन बसलं होतं, आणि चैत्राने त्याच्या हाताखाली राहायचं. "बाईमाणूस, लहान वय. मला धोका नको," असं ते माझ्यादेखत बोलले. ती पोर मान खाली घालून माल्टचं पोतं मोकळं करत राहिली.

मी आल्या आल्या माझा नियम लावला. टाक्यांवर फक्त आकडे. कुठल्या टाकीत काय, ते मला सांगायचं नाही. चैत्राने यादी दाखवायला आणली तर मी हात आडवा धरला. "नको. नाक लाच खातं." ती हसून म्हणाली, "सरी अक्का."

काय सांगू तुम्हाला, त्या सहा टाक्यांनी माझे डोळे उघडले. माझी चव घेऊन झाली की मगच चैत्रा ती बिअर कुठली ते सांगायची. एक नंबर माझ्या ओळखीची होती, पण तिची आई म्हणावी अशी. चेक देशातल्या बोहेमियाची पिल्सनर. ती करायला मऊ पाणी लागतं. तिकडचं पाणी इतकं मऊ की त्यात हॉप्सची फुलं अगदी नाजूक उमटतात. बेळ्ळंदूरला टँकरचं पाणी, साबणाला फेस येत नाही असलं. चैत्राने ते गाळून, धुऊन, क्षार काढून इतकं मऊ केलं होतं की पहिल्या घोटाला मी "अगोबाई" म्हणाले. पाच नंबर काळीकुट्ट. स्टाऊट. आयर्लंडकडे पाणी जड, तिथे फिकट बिअर साधत नव्हती. त्या लोकांनी पाण्याला शिव्या दिल्या नाहीत, सातू काळाठिक्कर भाजला आणि जड पाण्यालाच गोडीत घेतलं. पेला नाकाशी नेला आणि एकतीस वर्षं जिच्यावाचून सकाळ काढली ती कॉफीच समोर आली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हसू नका. तीन नंबर कडूजहर, वर संत्र्याच्या सालीचा नि आंब्याच्या चिकाचा वास. इंग्रज आपल्या देशात राहायचे तेव्हा बोटीत टिकावी म्हणून हॉप्स जास्त घातले, अशी तिची गोष्ट सांगतात. खरीखोटी ते जाणोत. सहा नंबर आंबट आणि चक्क खारट, धणे घातलेली. मी म्हटलं, "चैत्रा, हे तर मठ्ठ्याचं भावंड!" जर्मनीतल्या एका भागात मिठाळ पाण्यामुळे ही चव रुजली म्हणे. दोन नंबर गढूळ, फिकी, संत्र्याची साल आणि पुन्हा धणे. ती बेल्जियमची, गव्हाची. आमच्या कारखान्यात कुणी टाकीत धणे टाकले असते तर पोलीस बोलावले असते. आणि इथे त्या त्या गावच्या माणसांनी घरात जे होतं, विहिरीत जे होतं, त्यातूनच चव काढलेली. जग केवढं मोठं आहे, आणि मी एकाच पिवळ्या बाटलीला बिअर समजत बसले होते. लाज वाटली आणि आनंदही झाला.

आता चार नंबर.

उद्घाटनाला बावीस दिवस होते. त्या दिवशी चैत्राकडे आईचं वर्षश्राद्ध, ती आनेकलला गेलेली. मी अकराला पोचले. सफाईचं काम बघणारे मुनियप्पा म्हणून गृहस्थ होते, त्यांनी टाक्यांच्या नळातून पेले भरून आणले. चार नंबरची मी तोवर चव घेतली नव्हती, ती नुकतीच तयार होत आली होती. पेला उचलला. गढूळ. नाकाशी नेला. केळं. आणि केळ्याच्या मागून, अगदी स्वच्छ, लवंग.

 एकतीस वर्षांची सवय बोलली, रानटी यीस्ट! बाकीच्या पाच टाक्या तिच्याच पाइपांवर. चैत्राची भट्टी, चैत्राचे सहा नळ, सगळं जाणार. मी फोन लावला. बंद. श्राद्धाला बसली असणार. दुसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा. मुनियप्पा पेला हुंगून म्हणाले, "अक्का, वास तर छान येतो हो. शिकरणीसारखा." मी त्यांच्यावर खेकसले, "तुम्हाला काय कळतं!"

गव्हाची बिअर अशी असू शकते, हे माझ्या मनात का आलं नाही, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं स्वतःला, हजारदा. गव्हाची म्हणजे ती दोन नंबरची, धणेवाली, एवढंच मी धरून चालले होते. यादी बघितली नव्हती. आणि पबात मी जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. बंगळूरच्या सॉफ्टवेअरमधल्या अर्ध्या पोरांना जे ठाऊक होतं, ते लवंगक्काला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात नागराज आले. "काय मॅडम, सगळं ठीक?" मी म्हटलं, "चार नंबर नासली. आत्ताच्या आत्ता काढा, नाहीतर बाकीच्याही जातील." त्यांचा चेहरा उतरला. "चैत्राला विचारलं?" "फोन लागत नाही. आणि विचारायचं काय त्यात? माझी खात्री आहे." तिथे एक वही ठेवली होती, मीच घालून दिलेली शिस्त. त्यात लिहिलं, 'टाकी चार. लवंग आहे, केळं आहे, गढूळ आहे. टाकून द्या.' खाली ठसठशीत सही. मुनियप्पांनी नळ सोडला. हजार लिटर बिअर फेसाळत गटाराला लागली. आवारभर केळं आणि लवंग. मग टाकी कढत पाण्याने धुऊन घेतली. मी घरी गेले ती कर्तव्य केल्याच्या तोऱ्यात. यांना म्हटलं, "आज पोरीची भट्टी वाचवली."

दुसऱ्या दिवशी सकाळी चैत्रा रिकाम्या टाकीसमोर उभी होती, हातात ती वही. माझी पावलं ऐकून वळली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"अक्का," ती म्हणाली, "ती लवंगच हवी होती मला. दीड वर्ष तीच शिकले."

मग तिने सांगितलं. बव्हेरियाची गव्हाची बिअर. निम्म्याहून जास्त गहू, आणि एक खास यीस्ट, जे उबेत काम करताना स्वतःच केळं आणि लवंग करतं. फळ नाही, मसाला नाही, नुसतं यीस्ट. केळं जास्त झालं तर ओशट, लवंग जास्त झाली तर दवाखान्याचा वास. दोन्ही तोलून धरणं ही त्या म्हाताऱ्याची सगळ्या आयुष्याची विद्या. निघताना त्याने त्याच्या भट्टीतलं यीस्ट एका काचेच्या नळीत तिला दिलं होतं. लेकीला विरजण देतात तसं. एक दुसरी नळी तिने राखून ठेवली होती, पण पबमध्ये वायरिंग चालू असताना फ्रीज दोन दिवस बंद राहिला आणि ती गेली. उरलेलं सगळं त्या टाकीत होतं.

मी मटकन पोत्यावर बसले.  जे नाक मिरवत आले, त्याच नाकाने पोरीचं विरजण गटारात घातलं. "बाजारात पुडीतलं यीस्ट मिळतं ना?" मी विचारलं. "मिळतं," ती म्हणाली, "चांगलंही असतं. पण ते माझ्या गुरूचं नाही." आणि मग, अगदी हळू, "तुमची चूक नाही अक्का. तुम्हाला न सांगण्याचा नियम मी पाळला." तिने असं म्हटल्यावर मला जास्तच रडू आलं.

रडता रडता आठवलं. बाटली!

कारखान्याची आणखी एक रीत होती. टाकून दिलेल्या मालाची एक बाटली सील करून, तारीख घालून फ्रीजमध्ये ठेवायची. पुढे वाद झाला तर पुरावा असावा म्हणून. मी कालही ठेवली होती, हात आपोआप चालतात. आम्ही दोघी फ्रीजकडे धावलो. मागच्या कप्प्यात, माझ्या अक्षरात 'चार, नासकी' असं लिहिलेली ती बाटली होती. आणि ती गढूळ होती. गढूळ म्हणजे काय? आमच्या लागरसारखी गाळून आरपार केली असती तर आत काही उरलं नसतं. हिच्यात यीस्ट तरंगत होतं, जिवंत. ज्याला मी दोष म्हणून सही केली होती, त्यातच सगळं शिल्लक होतं.

"होईल?" चैत्राने विचारलं.

"यीस्ट वाढवणं हे तुझं काम नाही, माझं आहे," मी म्हटलं. इतक्या वर्षांत इतक्या खात्रीने मी काही बोलले नसेन.

पण त्याआधी एक काम होतं. नागराज मला भेटून गेल्यावर गोऱ्या ब्रूअरला फोन करून बसले होते, त्याचं तिकीट आज संध्याकाळी काढायचं होतं. चैत्रा त्यांच्याकडे गेली नव्हती. "कसं सांगू? तुमचं नाव घ्यावं लागेल," म्हणाली. आता बघा, माझं सगळं आयुष्य त्या नावावर गेलं होतं. चैत्रा गप्प राहिली असती, मीही गप्प राहिले असते, तर लवंगक्काचं नाक जिथल्या तिथे राहिलं असतं. खोटं सांगत नाही, पाच मिनिटं मी तशीच उभी राहिले. मग नाक मुठीत धरून नागराजांच्या खोलीत गेले.

"बिअर नासली नव्हती," मी म्हटलं. "उत्तम होती. मला कळली नाही. तिचा दोष नाही, माझा आहे."

नागराज म्हणाले, "मॅडम, एकतीस वर्षं तुम्ही हेच केलंत ना?"

"हेच केलं, म्हणून चुकले."

"मग मी तुम्हाला ठेवू कशाला?"

"मला ठेवू नका. तिला ठेवा. ती बिअर उद्घाटनाला नळावर आली नाही, तर तिकीट काढा."

ते ताकाचा पेला फिरवत विचार करत होते. शेवटी म्हणाले, "सरी. थांबतो. पण तुम्ही कुठे जाऊ नका, आता निस्तरा."

मग सुरू झालं आमचं विरजण. आधी सूक्ष्मदर्शकाखाली बघून घेतलं, काही भलतंसलतं घुसलेलं नाही ना. मग उकळून निर्जंतुक केलेला गोड काढा दोन लिटर, त्यात बाटलीच्या तळाचा गाळ. दोन दिवसांनी वर फेसाची टोपी आली. ते दहा लिटरमध्ये. ते पन्नास लिटरमध्ये. एकदम जास्त काढा घातला तर यीस्ट दमतं आणि बाहेरचे पाहुणे शिरतात, म्हणून पायरी-पायरीनेच जायचं. मी रोज जाऊ लागले. आमच्या राजाजीनगरहून बेळ्ळंदूर म्हणजे शहराचं दुसरं टोक, ते बंगळूरकरांना सांगायला नको. सकाळी इडली डब्यात, दुपारी पोचायचं. आमचे हे म्हणाले, "नातवंडाला एवढं जपलं नाहीस." चैत्रा आणि मी दर चार तासांनी तापमान बघायचो. ती मला केळं आणि लवंग वेगवेगळं हुंगायला शिकवायची. "अक्का, आज केळं पुढे आहे. उद्या एक अंश खाली घेऊ." आणि मी, मुख्य चव घेणारी, पाटी-पेन्सिल घेतल्यासारखी ऐकायचे. त्या पोरीच्या हाताला काय तोल होता! नळाची एक कळ इकडे, एक तिकडे, आणि तेवढ्यात त्या वासाचं रूप बदलायचं. आमचे साहेब असते तर त्यांनी तिलाही नमस्कार केला असता.

नवव्या दिवशी गहू आणि सातूचा नवा काढा टाकीत उतरला आणि आमचं पन्नास लिटर यीस्ट त्यात गेलं. दुसऱ्या सकाळी मुनियप्पा दारातच उभे होते. "अक्का, शिकरण आली!" मी त्यांची माफी मागितली, मनापासून. म्हटलं, त्या दिवशी कळलं होतं ते फक्त तुम्हाला.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी अकरा वाजता चैत्राने माझ्यासमोर सहा पेले मांडले. पेल्यांवर आकडे नव्हते, बिअरची नावं लिहिलेली होती. "आता नावं वाचून चव घ्या," म्हणाली, "काय हवंय ते ठाऊक असेल, तरच ते आहे का कळेल." मी नियम मोडला. एकेक पेला घेत गेले, बोहेमिया, बेल्जियम, इंग्लंड, आयर्लंड. आणि मग तो उंच पेला, वर चार बोटं फेस, आत धुकट पिवळं. केळं आलं. केळ्याच्या मागून लवंग आली, घाईगर्दी न करता, जिथे यायला हवी तिथे. मी गिळलं. बव्हेरियातल्या त्या म्हाताऱ्याला मी कधी बघणार नाही, पण त्याचे हात मला कळले.

नागराज दारात उभे होते, हातात ताक. "काय मॅडम?"

मी वही मागवली. पहिल्याच पानावर माझा जुना शेरा होता. मी तो खोडायला पेन टेकवलं तर चैत्राने माझा हात धरला. "राहू दे अक्का. खाली लिहा."

मग त्याच शेऱ्याच्या खाली लिहिलं, 'टाकी चार. लवंग आहे, केळं आहे, गढूळ आहे. वाढा.'

सही केली. मग आठवलं म्हणून सहीपुढे कंसात लिहिलं, चैत्राकडून शिकून.